टेकू

आमच्या गल्लीतला गवंडी प्रत्येक भिंतीला अक्का म्हणायचा. आमच्या तळघराच्या भिंतीला पोट आलं, तेव्हा तिला टेकू देऊन त्यानं बाबांना बजावलं, "मालक, घरात वरडू नका. अक्का लई भित्री हाय." स्वतः मात्र दणादण छिन्नी ठोकत कानडी गाणी म्हणायचा.

घरात कुजबूज सुरू झाली. कॉन्व्हेंटमध्ये हळू बोलायला शिकलेली मी ती संधी साधून बाबांना सांगून मोकळी झाले, "बँकेत नोकरी लागलीय. मी जाणार." तापट बाबा लालबुंद झाले, पण नुसतं पुटपुटले, "बघू." खाली तळघरात गवंड्याची छिन्नी तेवढी क्षणभर थांबली.

भिंत सरळ झाल्यावर गवंडी टेकू काढायला आला आणि दारातच थबकला.

"अक्का, रुजू कवा?" त्यानं मला विचारलं.

"सोमवारी."

"मग टेकू मंगळवारी काढतो की," म्हणत तो परत फिरला.