नारळाची सावली

बंगळूरात जुलैमध्ये सावल्यांचा तास ठेवू नये, एवढी साधी गोष्ट आमच्या ध्यानात आली नव्हती. आखणी मार्चमध्ये जे. पी. नगरच्या एका गच्चीवर झाली, तेव्हा पाय भाजत होते.

नव्वदच्या दशकात आम्ही दोघं, अक्का आणि मी, जुन्या मेटाडोरमधून विज्ञान-गणिताचं सामान घेऊन सरकारी शाळांत जायचो. गाडीची जबाबदारी अक्काकडे. ती इथल्या जुन्या मराठी घरातली. मी सीमाभागातला, चळवळीची पत्रकं वाचत वाढलेला. 'हातात दिल्याशिवाय शिकवू नका' ही गाडीवरची अक्षरं मीच रंगवली होती.

आनेकलजवळच्या एका शाळेच्या मुख्याध्यापकांनी कन्नडमध्ये स्पष्ट सांगितलं, "सातवीचा एक तास देतो. मुलं काही शिकली तर दर महिन्याला या. नाहीतर माझा सिलॅबस मला पुरे."

पटांगणातल्या नारळाची उंची न चढता काढायची होती. मीटरभर काठी उभी करायची, तिची सावली मोजायची, त्याच वेळी झाडाचीही, मग त्रैराशिक. मुलं टेप घेऊन तयार होती. आभाळ मात्र राखाडी, आणि सावली कशाचीच पडेना. निम्मा तास तसाच गेला.

"उत्तर सांगून टाका, लिहून घेतील," मुख्याध्यापक म्हणाले.

"उत्तर आमच्याकडेही नाही, सर."

खरंच नव्हतं. झाड आम्ही आधी कधीच मोजायचो नाही. आम्हाला उत्तर माहीत असलं की मुलं झाड सोडून आमच्या तोंडाकडे बघत बसतात.

"उत्तर माहीत नसलेले मास्तर!" ते म्हणाले. वर्ग खदखदून हसला.

अक्का तिच्या कन्नडमिश्रित मराठीत पुटपुटली, "स्वल्प गप्प बस रे. अंदाजे काहीतरी सांगून सोडू."

"मग गाडीवरची अक्षरं पुस."

"शाळाच गेली तर ती वाचणार कोण?"

तेवढ्यात ऊन पडलं, मुलं धावली, मध्येच ढग आला, पुन्हा ऊन. एका गटाचे बारा मीटर आले, दुसऱ्याचे साडेबारा, मुलींच्या गटाचे नऊ.

"बरोबर कोणतं?" मुख्याध्यापकांनी विचारलं.

मुलींच्या गटातली एक पुढे आली. "सर, आमचं चुकलं. काठी आधी मोजली, झाड ढग गेल्यावर. मधल्या वेळात सावली आखडली."

घंटा झाली. मुख्याध्यापक तिच्याकडे बघत राहिले, मग म्हणाले, "पुढच्या महिन्यात या. पण उत्तर घेऊन."

"सरी, सर," मी तोंड उघडायच्या आत अक्काने होकार देऊन टाकला.

परतीच्या वाटेवर आम्ही भांडलो, आणि महिनाभर भांडत राहिलो. उत्तर न्यायचं तर आमचा तास खोटा, न न्यायचं तर शाळा हातची जाणार. शेवटी रिकाम्या हातांनीच गेलो.

मुख्याध्यापक फाटकातच उभे होते. "नारळ काढायला माणूस आला होता. शेंड्यावरून दोर सोडायला लावला आणि मोजला."

"किती भरला?" मी विचारलं.

"सांगणार नाही. मुलांना काढू दे." मग म्हणाले, "जवळपास आलं नाही तर गाडी पुन्हा आणू नका."

वर ढग होतेच. त्या मुलीने काठी रोवली, मैत्रिणीला तिथे उभं केलं आणि स्वतः टेप घेऊन झाडाशी गेली. "ऊन आलं की दोघींनी एकदमच हं!" ती ओरडली.

सगळा वर्ग आभाळाकडे बघत होता. मी मुख्याध्यापकांच्या तोंडाकडे.