आईच्या शिवीची कॅसेट

आधी एक सांगून टाकतो. कोल्हापुरात कुणी ‘आमचा आवडता बँड’ म्हटलं तर गिटार घेतलेली केसाळ पोरं डोळ्यांपुढे आणू नका. माझा आवडता बँड म्हणजे आमच्या गल्लीची बेंजो पार्टी. बेंजोवर एका हातानं टाइपरायटरसारखी बटणं दाबायची आणि दुसऱ्या हातानं तारा छेडायच्या. मागे ढोल, ताशा, खुळखुळा, आणि पुढे नाचणारी अख्खी गल्ली. या पार्टीनं पुढे ढीगभर कॅसेटी काढल्या, सीड्या काढल्या, आता तर मोबाइलवरही सगळं फुकट ऐकायला मिळतं. पण मध्येच कुठेतरी त्यांनी कीबोर्ड आणला आणि सगळा चुथडा केला. या विषयावर माझ्याशी वाद घालू नये. पन्हाळ्याच्या कचेरीत मी कारकून आहे, आणि तिथले दोन लोक या वादापायी माझ्याशी आजही बोलत नाहीत.

मला हवी होती त्यांची पहिली कॅसेट, तीही पहिल्या भरतीची. तेव्हा दुकानदार एका कॅसेटवरून दुसऱ्या कॅसेटी भरून द्यायचा, म्हणून ‘भरती’. पहिल्या भरतीत एक चाल आहे, ती पुढच्या कुठल्याच भरतीत नाही. का नाही? कारण त्या चालीच्या मधोमध माझी आई शिव्या देते.

झालं असं. आमच्या घरासमोर गल्लीची तालीम, म्हणजे कुस्तीचा आखाडा आणि गणपतीचं मंडळ दोन्ही. गणपती जवळ आलेले, आणि बेंजोमास्तरनं दुपारच्या वेळी तालमीतच स्टुलावर टेपरेकॉर्डर ठेवून कॅसेट करायला घेतलेली. मी बारा वर्षांचा. खुळखुळेवाला आला नव्हता म्हणून मास्तरनं तो माझ्या हातात दिलेला. मला तर जग जिंकल्यासारखं वाटत होतं. घरात धाकटी बहीण, दोन वर्षांची, गोवर आलेली. पोरीनं दोन रात्री घर डोक्यावर घेतलं होतं. तिचा जरा डोळा लागला, आणि समोर ढोल सुरू झाला. आई पिठाच्या हातांनी तशीच रस्ता ओलांडून आली, तालमीच्या खिडकीचे गज धरले आणि म्हणाली,

“मुडदा बशिवला तुमच्या बेंजोचा. पोरगी आत्ता कुठं झोपलीया, आणि वाजिवताय व्हय रं भाड्यांनो? या की, माझ्या डोस्क्यावर बसून वाजवा.”

बेंजो थांबला. तालमीत हशा पिकला. मग मास्तरनं तिथूनच पुढे वाजवायला घेतलं, आणि म्हणे असं वाजवलं की आयुष्यात परत तसं जमलं नाही. म्हणून त्यानं ती चाल आहे तशी शिवीसकट ठेवली.

कॅसेट तुफान चालली. बेंजोमुळे चालली असं मास्तरला वाटायचं. लोक मात्र शिवी आली की रिवाइंड करून परत ऐकायचे. ‘मुडद्याची कॅसेट’ हेच तिचं नाव पडलं. आईला याचा पत्ताच नव्हता. मग एके दिवशी ती कट्ट्यावर, जिथं म्हशी उभ्या करून समोरच धार काढून देतात तिथं, दूध आणायला गेली आणि शेजारच्या चहाच्या गाड्यावरून तिनं स्वतःचाच आवाज ऐकला. गाड्यावरची माणसं पोट धरून हसत होती. आई दूध न घेता घरी आली.

दुसऱ्या दिवसापासून तिनं जी मोहीम काढली, तिला तोड नाही. दुकानदाराकडच्या कॅसेटी उचलल्या. मास्तरच्या घरात शिरून त्याची मूळ कॅसेट काढून घेतली, त्यामुळे पुढच्या भरतीसाठी त्याला सगळं नव्यानं वाजवावं लागलं, ती एक चाल सोडून. नंतर घरोघर फिरली. “कॅसेट हाय न्हवं? द्या.” एवढंच बोलायची, आणि मिळाल्याशिवाय उंबऱ्यावरून हलायची नाही. माझी कॅसेट मी गहू ठेवायच्या डब्यात लपवली होती. ती पहिल्याच दिवशी सापडली. सगळ्या कॅसेटींच्या फिती उपसून तिनं मामाच्या रानात पाठवल्या. तिथं शाळवाच्या, म्हणजे ज्वारीच्या कणसांवर पाखरं बसू नयेत म्हणून त्या ताणून बांधल्या. त्या वर्षी मामाचं पीक झकास आलं. आईच्या शिव्यांपुढे पाखरांची काय टाप?

इथवर सगळी गंमत. पण आईनं त्या कॅसेटचा असा धसका घेतला की पुढे कुठलंही यंत्र समोर दिसलं की तिची दातखीळ बसायची. लग्नांच्या व्हिडिओत ती पदर तोंडाशी धरून उभी. नातवंडांनी मोबाइल पुढे केला की हातानं ‘चल हो बाजूला’ एवढी खूण. दोन वर्षांपूर्वी ती गेली. बहीण आणि मी एका रविवारी तिचे सगळे व्हिडिओ काढून बसलो. त्यात सगळ्यांचे आवाज होते, कुकरच्या शिट्ट्या होत्या, शेजारचं कुत्रं होतं, आई मात्र एक शब्द बोलत नव्हती. बहीण म्हणाली, “दादा, तिचा आवाज मला आठवंना झालाय.” मी आठवून पाहिला. मलाही नीट आठवत नव्हता. जगात तिचा आवाज असलाच तर त्या कॅसेटीत होता, आणि त्या कॅसेटी तिनंच निकालात काढलेल्या.

मग मी शोध सुरू केला. बेंजोप्रेमींचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. त्यात माझ्यासारखेच कामधंदे सोडून भांडणारे लोक आहेत. तिथं मी विचारलं. शिवी सगळ्यांना पाठ, पण प्रत्येकाची वेगळी. एकानं तर तिच्यात मास्तरचे आईबापही घातले होते. कॅसेट मात्र कुणाकडे नाही. सापडली तर आधी ग्रुपवर टाक, अशी सगळ्यांनी मला शपथ घातली.

जोतिबावरच्या एका नारळ-गुलालवाल्यानं छातीठोकपणे सांगितलं, माझ्याकडे आहे. मी अर्धी रजा टाकून डोंगर चढलो. वरचा कागद अगदी खरा, त्या काळातलाच. आत त्याच्या मेव्हण्याच्या लग्नातल्या मंगलाष्टका. मी चिडून विचारलं, “आधी लावून बघायची न्हाय?” तर म्हणतो, “पावणं, आमच्याकडं टेपच न्हाय की.” वर आणि दर्शनाला पाठवलं. डोक्यापासून बुटांपर्यंत गुलाबी होऊन मी कचेरीत हजर झालो. साहेबांनी माझ्या खुर्चीवर वर्तमानपत्र अंथरायला लावलं.

मग मास्तरकडे गेलो. तो आता थकलाय, ऐकायला कमी येतं. मी दोनदा ओरडून विचारलं तेव्हा म्हणाला, “माझी तर तुझ्या आईनंच नेली. तिच्या हातनं काय सुटतंय व्हय?” जरा वेळानं त्याला आठवलं की गल्लीतली एक पोरगी त्या वर्षी तुळशीच्या लग्नानंतर, आईची मोहीम निघायच्या जरा आधी, लग्न होऊन गडहिंग्लजला गेली होती, आणि तिच्या भावानं तिच्या ट्रंकेत ती कॅसेट टाकली होती. आईची मोहीम गडहिंग्लजपर्यंत गेली नसावी.

एसटीनं गडहिंग्लज गाठलं. दार उघडलं ते साठीच्या घरातल्या एका बाईनं. “या पावणं, कोण म्हणायचं?” मी गल्लीचं नाव सांगितलं, आईचं सांगितलं. तशी ती उंबरा ओलांडून पुढं आली. “आरं तू व्हय? खुळखुळा वाजिवणारा?” तिथं सगळे तिला अक्का म्हणत होते, म्हणून मीही अक्का म्हणालो. आई गेल्याचं सांगितल्यावर ती पायरीवरच बसली.

कॅसेट होती. साड्यांच्या कपाटात, रुमालात गुंडाळलेली. मी विचारलं, इतकी वर्षं कशी ठेवली? अक्का म्हणाली, “नवीन आलते तवा हितलं बोलणं कळायचं न्हाय मला. निम्मं कानडी, निम्मं काय ते त्यांचं त्यांना ठावं. रडाय आलं की दार लावायची आणि तुझ्या आईच्या शिव्या ऐकायची. बरं वाटायचं. गल्लीत बसल्यागत.”

तिनं टेप आणला, पुसला, कॅसेट घातली. आधी नुसती खरखर. मग बेंजो. काय सांगू? कीबोर्ड नाही, काही नाही, नुसत्या तारा, आणि त्यांच्या मागे माझा खुळखुळा, तालाला जरा मागेच. मी मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू करून टेपजवळ धरला. चाल रंगात आली आणि शिवी आली.

मी म्हणालो, “अक्का, ही आई न्हवं.”

मला ठाऊक असलेली आई म्हणजे जाड, फाटका, खोकणारा आवाज. हा कोवळा होता. कॉलेजातल्या पोरीचा असावा तसा. अक्का म्हणाली, “म्हातारी झालेली मी तिला बघितलीच न्हाय. माझ्या डोळ्यांपुढं आहे ती हीच.”

तिनं फीत मागे घेतली आणि परत लावली. आता मी कान देऊन ऐकलं. आई तेव्हा एकतीस वर्षांची होती. मी आज एक्कावन्नचा आहे, माझी मुलगी सव्वीसची. आणि खरं सांगायचं तर ती शिवी नव्हतीच. गल्लीनं, चहाच्या गाड्यानं, ग्रुपनं, मी, सगळ्यांनी ‘मुडदा बशिवला’ एवढंच लक्षात ठेवलं होतं. ‘पोरगी आत्ता कुठं झोपलीया’ म्हणताना तिचा आवाज चिरकतो. शेवटच्या ‘वाजवा’ला तर तो फुटतोच. दोन रात्री जागलेली एक पोरसवदा बाई खिडकीचे गज धरून रडत होती. त्यावर तालीमभर हशा, आणि त्यात टेपच्या अगदी जवळ एक पोरगं खिदळतंय. त्याच्या हातातला खुळखुळा हसण्याबरोबर हलतोय.

मला अतिशय लाज वाटली. अक्कानं पाणी दिलं आणि कॅसेट परत रुमालात गुंडाळली. मी मागितली नाही. ती तिचीच होती.

परतीच्या एसटीत बसल्याबसल्या ग्रुपवर विचारणा सुरू झाली. मिळाली का? ऐकव की. शिवी कशी आहे? मी लिहिलं, मिळाली, पण पुसलेली निघाली. बेंजोवाल्यांशी आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोललो. रेकॉर्डिंग फक्त बहिणीला पाठवलं.

तासाभरानं तिचा फोन आला. बराच वेळ नाक ओढत होती. म्हणाली, “आई रडाय लागलीया रं, दादा.”

“व्हय.”

“आणि मागं हसतंय कोण?”

“मी,” म्हणालो.