खुलाशाचा मसुदा

माझ्या मावसभावाला दिसत नाही. इंदूरला तुकोगंजातल्या एका कॉलेजच्या ऑफिसात तो पत्रव्यवहार बघायचा. हे जमायचं ते आम्ही काही जणांनी मिळून केलेल्या एका फुकट सॉफ्टवेअरमुळे. स्क्रीनवरचं मराठी-हिंदी ते त्याला वाचून दाखवायचं. आम्ही म्हणजे देशभर विखुरलेले, एका ग्रुपवर भांडत बसणारे प्रोग्रामर. इंदूरची मी एकटीच.

एक दिवस इथल्या हिंदी पेपरात आलं की हे मुफ्तवालं सॉफ्टवेअर टाइप केलेला पासवर्डसुद्धा एका फाइलीत लिहून ठेवतं. बातमी खरी होती हो! चुका शोधायला ठेवलेली ती सोय बंद करायची राहून गेली होती. दुरुस्ती मी एका दुपारीच करून पाठवली, पण ती मूळ सॉफ्टवेअरमध्ये घ्यायचा हक्क माझ्याकडे नव्हता, ग्रुपमधल्या जुन्या मंडळींकडे होता.

ग्रुपवर काय चाललं होतं? एकजण बातमीतल्या तांत्रिक चुका काढत होता. दुसऱ्याने ती लिहिणाऱ्या पोरीचा फोटो शोधून आणला आणि तिची टिंगल सुरू झाली. शी! मी लिहिलं, "अहो, आधी दुरुस्ती घ्या, सॉरी म्हणा, किस्सा खतम." तर म्हणे, आत्ता दुरुस्ती घेतली तर आरोप कबूल केल्यासारखं होईल. आधी खुलासा काढू. आणि आमच्याकडे खुलासा सगळ्यांच्या संमतीशिवाय निघत नाही. मसुद्यावर मसुदे पडत राहिले, माझं डोकं फिरायची वेळ आली.

तेवढ्यात भावाचा फोन. "अगं, प्रिन्सिपल साहेबांनी बातमी वाचली. हटाओ इसको, म्हणाले. तुम्ही लोक काही लिहून देता का, की आता ठीक आहे?"

"देतो रे दादा, बस आजकल में."

मी ग्रुपवर अक्षरशः भीक मागितली. त्यावर खुलाशाचा आणखी एक मसुदा येऊन पडला.

शेवटी पेपराने आतल्या पानावर कुठलीशी तांत्रिक चूक मान्य केली. ग्रुपवर जल्लोष, जिंकलो म्हणे! मग उदार मनाने माझी दुरुस्तीही घेतली. मी हाफ डे टाकून तुकोगंजला धावले.

दादा दाराजवळच्या टेबलाशी बसला होता, पुढ्यात नुसता टेलिफोन. पत्रांचं काम दुसऱ्याला दिलं होतं. मी घाईघाईने म्हटलं, "दादा, झालं बघ सगळं नीट. नवं सॉफ्टवेअर आत्ता टाकून देते."

"कशात टाकशील? मशीन घेऊन गेले ना," तो म्हणाला. "आणि फोन उचलायला, बाई, मला तुमचं सॉफ्टवेअर लागत नाही."