बापाच्या कपातलं पोस्टम

अर्धी टोपली जर्दाळू चिरून झाले होते आणि अर्धी तशीच पडली होती. मेलेलं पाखरू उचलावं तशी नेड्रा दोन बोटांच्या टोकांनी एकेक फळ उचलायची, चिरायची, बी काढून पातेल्यात टाकायची. एखाद्यात अळी निघाली की सुरी तिथेच सोडून नळाखाली कोपरापर्यंत हात धुवायची.

"अगं, ती अळीसुद्धा जर्दाळूच खाऊन वाढलीय," तिची आई आर्विला शेगडीपाशी पाक ढवळत म्हणाली. "शेण खाऊन नाही."

"मग तू खा."

आर्विलाला सातवा महिना होता, पाय सुजले होते, आणि बाहेर गाडीचा भोंगा वाजत होता. "ठेव ती सुरी," ती म्हणाली. "बाबांबरोबर फिरून ये. अशा हाताने तू नाताळपर्यंत टोपली संपवायची नाहीस."

नेड्रा जॉर्गन्सनची किळस आमच्या मॉर्मन मंडळीत सगळ्यांना ठाऊक होती. दुधावरची साय, दुसऱ्याच्या फणीतले केस, आजीच्या गालावरचा ओला मुका, कशानेही तिच्या पोटात ढवळायचं. पुढे ती पाच लेकरांची आई झाली, लोकांच्या आजारपणात रात्रंदिवस उशाशी बसली, पण तेव्हाही नाक मुरडूनच. देव एखाद्याला गोड गळा देतो, तसं तिला नाक दिलं होतं. त्या उन्हाळ्यात ती आठ वर्षं पूर्ण करायला आली होती.

आणि आठ म्हणजे बाप्तिस्मा. आठच्या आत केलेलं पाप देव मोजत नाही. आठ सरले की मोजायला लागतो. पोराला पांढऱ्या कपड्यांत पाण्यात उतरवतात, आणि नखशिखांत बुडवतात. केसांची एक बट जरी वर राहिली तरी साक्षीदार मान हलवतात आणि पुन्हा बुडवावं लागतं. बुडवायचा मान बापाचा. पण बाप स्वच्छ हवा. दारू, तंबाखू, चहा, कॉफी यांतलं काही ज्याच्या पोटात जातं, त्याने लेकराला पाण्यात धरायचं नाही. नेड्राचा बाप्तिस्मा येत्या शनिवारी होता. झगा शिवून झाला होता, आणि पाणी खोल असलं तरी बाबांचा हात पाठीशी असणार म्हणून तिला भीती वाटत नव्हती.

तिचा बाप थेन मेंढ्यांच्या जंतांवरचं औषध विकायचा. यूटाहची हद्द ओलांडून नेवाडाच्या वाळवंटात शिरायचं, मैलोन् मैल एखादंच घर, तिथे थांबायचं, मेंढीचा जबडा फाकवून औषध कसं पाजायचं ते दाखवायचं, पुढे निघायचं. गाडीच्या पुढे पाण्याची कॅनव्हासची पखाल लटकलेली आणि मागे औषधाच्या बाटल्या खळखळ करत असलेल्या. त्या औषधाला कुजलेल्या अंड्यांचा वास होता. पहिल्या दिवशी नेड्राने खिडकीबाहेर तोंड काढून प्रवास केला, तर धूळ दातांत करकरायला लागली. तोंड आत घ्यावं तर औषध, बाहेर काढावं तर धूळ.

"तुला ग, स्वर्गातसुद्धा कसला तरी वास येईल," थेन म्हणाला.

"स्वर्गात मेंढ्या असतात?"

"असतील तर मला गिऱ्हाईक मिळेल."

तो दिवसभर असाच बोलायचा, सूर्यफुलाच्या बिया दातांनी फोडून टरफलं डब्यात थुंकायचा. नेड्रा त्या डब्याकडे पाठ करून बसायची. पण तिसऱ्या प्रहरी ऊन समोरून यायला लागलं की तो गप्प व्हायचा, मान एका बाजूला कलायची, आणि गाडी हळूच कडेच्या खडीला लागून दचकायची. मग तोही दचकायचा आणि मोठमोठ्याने भजन म्हणायला लागायचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी रस्ता तांबडा दिसायला लागला. जवळ गेल्यावर कळलं, तो हलतोय. अंगठ्याएवढे जाड, बिनपंखी नाकतोडे डोंगरावरून उतरून हजारोंनी रस्ता ओलांडत होते. चाकाखाली ते फुटायला लागले. पिकलेली द्राक्षं पायाखाली चिरडावीत तसा आवाज, पुन्हा पुन्हा. गाडी चिखलावर घसरावी तशी घसरली. जे चिरडले त्यांना मागून येणारे थांबून खात होते, आणि खाता खाता स्वतः चिरडले जात होते. वास आला तो सडक्या मासळीचा. नेड्राने डोळे मिटले, कानांत बोटं घातली, श्वास धरला. पण श्वास कुठवर धरणार.

त्या घाणीतून कशीबशी गाडी काढून थेन एका खानावळीशी थांबला. पेट्रोलचा पंप, चार टेबलं आणि माश्या पकडायचा चिकट कागद टांगलेला. चालवणाऱ्या बाईचं नाव ऑपल. तिचे दात पिवळे होते आणि ती हसताना सगळे दाखवायची.

"या, थेन," ती म्हणाली. "तुमचे भाऊबंद भेटले ना रस्त्यात? मॉर्मन किडे. आम्ही त्यांना तुमचंच नाव देतो. तेही खातात फार आणि प्रजा फार वाढवतात."

थेन हसला. नेड्राला त्याचं हसणं आवडलं नाही. घरी कुणी असं बोललं असतं तर तो उठून गेला असता.

तो बसायच्या आत ऑपलने त्याच्यापुढे वाफाळता कप ठेवला. काय हवं, विचारलं नाही. दूध घातलं, दोन चमचे साखर घातली, तीही न विचारता. थेनने दोन घोट घेतले, नेड्राकडे पाहिलं, आणि म्हणाला, "चाकांत अडकलेली घाण धुऊन येतो. तू बस." आणि पंपाकडे गेला.

आमच्याकडे प्रत्येक घरात पोस्टम असतं. भाजलेल्या गव्हाचं, काळपट, दूध-साखर घालून प्यायचं. रविवारी सकाळी थेनच्या कपातला शेवटचा घोट नेड्राचा असायचा. तो एक उष्टा घोट तेवढा तिला चालायचा. घशात त्या रस्त्याची दुर्गंधी अडकली होती. तिने कप ओढला आणि मोठा घोट घेतला.

कडू. नुसतं कडू नाही, जळकं, चुलीतली राख तेलात कालवावी तसं. तिने ते टेबलावर थुंकलं.

"पोस्टम नासलंय," ती म्हणाली.

ऑपल फडकं घेऊन आली. "पोस्टम? अगं पोरी, वाळवंटात पोस्टम पिऊन कोण जागं राहील? कॉफी आहे ती. तुझा बाप तुझ्या जन्माआधीपासून माझ्याकडे हीच पितो. पहिल्यांदा प्यायला तेव्हा त्यानेही असंच तोंड केलं होतं."

नेड्रा उठून बाहेर गेली. खानावळीच्या मागे, उन्हात, पोटात होतं नव्हतं ते सगळं बाहेर आलं. ती ओकली त्याच्याभोवती नाकतोडे जमले आणि त्यांनी ते खायला सुरुवात केली. तोंड पुसायला काही नव्हतं म्हणून तिने अंगातल्या फ्रॉकचं टोक वापरलं, आणि मग फ्रॉकचीही किळस आली.

थेन ओले हात झटकत आला. "काय ग, किड्यांनी?"

"कॉफीने."

त्याचे हात तसेच हवेत राहिले. मग तो म्हणाला, "तुला पाप लागलं नाही. आठ व्हायचीस तू अजून. तुझी पाटी कोरी आहे."

"आणि तुमची?"

गाडीत बसल्यावर, पुष्कळ अंतर गेल्यावर, तो बोलला. "एकदा डोळा लागला होता माझा. जाग आली तेव्हा गाडी मिठाच्या मैदानात उभी, चारी दिशा पांढऱ्या, रस्ता कुठे ते कळेना. तू तेव्हा आईच्या पोटात होतीस. त्यानंतर प्यायला लागलो. हद्दीच्या अलीकडे कधी नाही. घरी कधीच नाही."

नेड्रा त्याच्या हातांकडे पाहत होती. स्टिअरिंगवर, केसाळ, बोटांच्या पेरांत औषधाचा पिवळा रंग बसलेले. याच हातांनी तिला धरायचं होतं, एक हात पाठीमागे, दुसरा वर आकाशाकडे, देवाचं नाव घेत.

"नेड," तो म्हणाला, "हे आपल्या दोघांतच राहू दे."

कॉफीने आली नव्हती, किड्यांनी आली नव्हती, अशी शिसारी तिला या वाक्याची आली. ते गोड होतं. त्याने ते तिच्याशी लाडात बोलावं तसं म्हटलं होतं. त्या संध्याकाळी मुक्कामाच्या खोलीत उशीवर कुणाचा तरी लांब तांबूस केस होता. ती उशीशिवाय झोपली, आणि बाप शुभरात्री म्हणायला वाकला तेव्हा भिंतीकडे वळली.

परत आल्यावर गुरुवारी बिशपकडे, म्हणजे मंडळीच्या प्रमुखाकडे, जायचं होतं. बाप्तिस्म्याआधी बिशप पोराशी दोन शब्द बोलतात. आमचे बिशप लॉरिट्सन टर्की पाळायचे. भेट त्यांच्या स्वयंपाकघरात झाली. त्यांच्या बाहीला पीस चिकटलं होतं आणि नेड्राची नजर त्यावरून हटत नव्हती. थेन दाराशी टोपी हातात घेऊन उभा.

"तर, तुला पाण्यात कोण उतरवणार?" बिशपांनी विचारलं.

"बाबा."

"छान. आणि घरात सगळं नीट पाळता ना? चहा, कॉफी नाही ना कुणी घेत?"

"घरात नाही," नेड्रा म्हणाली.

"शाबास," बिशप म्हणाले, आणि पुढचं विचारायला लागले. पण थेनचे कान लाल झाले होते. नेड्राने 'घरात' हा शब्द किती जपून ठेवला होता, ते त्याने ऐकलं होतं. तोच शब्द इतकी वर्षं तो स्वतःशी वापरत होता.

"बिशप," तो म्हणाला, "पोर खोटं बोलत नाहीये. पण तिला असं बोलायला मी शिकवलं. मी कॉफी पितो. हद्द ओलांडली की."

बिशपांनी पीस उचलून बशीत ठेवलं. "किती वर्षं?"

"हिच्या जन्माआधीपासून."

"आर्विलाला ठाऊक आहे?"

"तिने विचारलं नाही. मी सांगितलं नाही."

"मग शनिवारी तुझा हात चालायचा नाही, थेन."

"ठाऊक आहे."

"त्यात एवढं काय, सोरेनअण्णा आहेत," बिशप जरा उत्साहाने म्हणाले. सोरेन म्हणजे थेनचे वडील, जुने मेंढपाळ. "म्हाताऱ्याने उभ्या जन्मात कॉफीचा वासही घेतला नाही. ते उतरवतील नातीला."

"आजोबा नकोत," नेड्रा म्हणाली.

"का ग?"

"ते कोकरं दातांनी खच्ची करतात. मी पाहिलंय. मिशीला रक्त असतं. मग त्याच तोंडाने जेवणाआधीची प्रार्थना म्हणतात."

बिशपांनी ओठ आवळले. "सगळे जुने लोक तसंच करायचे, बाळ. दात हे स्वच्छ हत्यार. जखम चिघळत नाही."

"तुम्ही करता?"

"मी टर्की पाळतो."

"ते माझ्या तोंडाजवळ तोंड आणणार आणि देवाचं नाव घेणार," नेड्रा म्हणाली. "मला ओकारी होईल. पाण्यात."

त्या पाण्यात तिच्यामागून आणखी पोरं उतरायची होती. बिशपांनी दाराकडे पाहिलं; थेन टोपीची कड फिरवत होता.

"आणि बाबांची नाही येत किळस?"

"येते. पण कॉफी सोडता येते. आजोबा आता काय सोडणार?"

मग बिशप म्हणाले, "हे बघ, सोडली म्हणून लगेच हात चालत नाही. नाताळपर्यंत त्याने तोंडाला लावली नाही तर मी बघेन. तोवर तू कोरडी राहशील. लोक बोलतील, आठ झाली तरी पोरीला पाणी नाही, बापानं काय केलं असेल. आणि आठच्या पुढे तुझं केलेलं मोजलं जाईल, ते धुवायला बाप्तिस्मा नसताना. कळतंय?"

"कळतंय."

"नेड, नीट विचार कर," थेन म्हणाला. त्याचा आवाज खरखरला. "मला जमेल की नाही, मलाच ठाऊक नाही. तो रस्ता तू पाहिलास."

"पाहिला," ती म्हणाली. "मी थांबते."

बिशपांनी थेनकडे पाहून मान डोलावली, आणि सगळ्यांनी डोळे मिटून प्रार्थना केली. नेड्राने एक डोळा उघडा ठेवला, बशीतल्या पिसासाठी.

बाहेर अंगणात टर्कींचा कलकलाट चालू होता आणि घाण पसरली होती. थेनने हात पुढे केला. नेड्राने आपले दोन्ही हात खिशांत घातले आणि त्याच्या शेजारून चालत गाडीपर्यंत आली. तो रागावला नाही. त्याने टरफलांचा डबा गाडीतून काढला, कडेच्या पाटात रिकामा केला, पाण्याने खळखळून धुतला आणि मागे ठेवला.

"आता आजोबांकडे जायचं?" तिने विचारलं. "शनिवारचं रद्द म्हणून सांगायला?"

"ते नंतर. आजोबांना बिशप सांगतील."

थेनने गाडी घराच्या दिशेला वळवली. आर्विलाला कॉफीचं सांगायचं होतं.