टाच बरी झाल्यावर

कमळाकर घरत आमच्याच इमारतीत, माझ्या खालच्या मजल्यावर राहतो. कळंबोलीच्या लोखंड बाजारात एका वजनकाट्यावर तो बावीस वर्षं कामाला आहे. त्याच बाजारात एका व्यापाऱ्याकडे गाड्या भरून रवाना करण्याचं काम मी बघतो. म्हणजे सकाळी तो मला घरी दिसतो, दुपारी काट्यावर दिसतो. त्याच्याविषयी बोलायचा मला दुहेरी हक्क आहे, असं मी समजतो.

हा माणूस धावायचा. शर्यतीसाठी नाही, वजन उतरवायला नाही, कोणी सांगितलं म्हणूनही नाही. २००३ साली तो नवीन पनवेलात राहायला आला. गावची शेती तोवर गेलेली होती, आणि पहाटे उठायची सवय तेवढी उरली होती. उठून करायचं काय, म्हणून धावायला लागला. इमारतीपासून आदईच्या तळ्यापर्यंत तीन किलोमीटर आणि परत तीन, चौतीस मिनिटांत. त्याच्या येण्याजाण्यावर दूधवाला घड्याळ लावायचा असं लिहायला मला आवडलं असतं, पण आमचा दूधवाला कायम उशिराच यायचा.

एवढं पळून मिळतं काय, असं मी त्याला एकदा विचारलं होतं.

"भाऊ, काट्यावर दिवसभर दुसऱ्यांच्या गाड्या हलतात, मी खुर्चीत," तो म्हणाला. "सकाळी तरी मी हलतो."

२०१० च्या दिवाळीनंतर रस्त्याकडेच्या एका खड्ड्यात त्याचा पाय गेला आणि टाचेमागची शीर तुटली. दीड महिना प्लास्टर. त्या दीड महिन्यात त्याची बायको सुमती त्याला आंघोळीला उचलून नेत असे. ती अंगाने त्याच्या अर्धी आहे, तरी नेत असे. डॉक्टरांनी सहा महिने धावू नका म्हणून सांगितलं होतं. दुखणं सहा महिन्यांत गेलं, पण तो काही उठला नाही. थंडी सरू दे, पाऊस सरू दे, पूर्वीची बारावी होऊ दे, असं करता करता दोन वर्षं निघाली. पूर्वी म्हणजे त्यांची मुलगी. पोट सुटलं. सदऱ्याची बटणं तक्रार करू लागली.

गंमत म्हणजे त्या काळात सुमतीच धावायला लागली. डॉक्टरांनी त्याला चालायला सांगितलं होतं, सोबत म्हणून ती निघायची. हा तीन आठवड्यांत कंटाळला, ती चालत राहिली. आधी साडीत चालली, मग मुलीच्या जुन्या ट्रॅकपँटमध्ये, आणि एक दिवस मी बघितलं तर बाई चक्क पळत होती. २०१३ उजाडेपर्यंत ती तळ्यापर्यंत जाऊन यायची आणि आल्यावर तांदळाच्या भाकऱ्या थापायची.

त्या जानेवारीत कमळाकरने माळ्यावरचे बूट काढले. पहिल्याच दिवशी चौकात उजव्या बुटाचा तळ सुटून रस्त्यावर राहिला. पेटीत पडून पडून आतला गोंद वाळला होता. तो तळ हातात घेऊन तो लंगडत घरी आला, आणि मी जिन्यात हसलो. हसायला नको होतं, पण हसलो. दुसऱ्या दिवशी त्याने नवे बूट आणले.

मग सुरू झाली सुमतीची सोबत. तिच्या एका हातात पाण्याची बाटली, खिशात दुखऱ्या जागी मारायचा फवारा. हा पळतोय, ही त्याच्या शेजारी जवळजवळ चालतेय, आणि स्पीडब्रेकर आला की त्याचं कोपर धरतेय. "अवो, हळू. पुढे उंचवटा हाय." भाजीवाल्यांसमोर. शाळेला निघालेल्या पोरांसमोर. तू पुढे हो म्हटलं तर ती वीस पावलं पुढे जायची आणि वळून उभी राहायची, नजर त्याच्या टाचेवर. ते थांबणं तर त्याला धरण्याहून वाईट वाटायचं.

"भाऊ, मी धावायला जातो का दवाखान्यात, तेच कळत नाय," तो मला म्हणाला. "घरात पेशंट, रस्त्यावर बी पेशंट. मला एकदा तळ्यापर्यंत जाऊन यायचं हाय, कोणी न धरता, कोणी न थांबता. तेवढंच पायजे."

या वेळी मी थट्टा केली नाही.

पण त्याने केलं काय, तर एका सकाळी तिला मागे टाकायचं ठरवलं. घड्याळ लावलं आणि जुन्या वेगाने सुटला. एक किलोमीटरही झाला नसेल, पोटरी अशी आखडली की रिक्षाने घरी यावं लागलं. सुमतीने मिठाच्या गरम पाण्याने शेक दिला आणि बूट उचलून माळ्यावर ठेवले. आठ दिवस झाले, दहा झाले, तो ते बूट मागेना. आता हे प्रकरण संपलं, असं मला वाटलं आणि वाईटही वाटलं.

त्याच सुमारास मी एक गाडी तोलून घ्यायला काट्यावर होतो. आमच्याकडे गाडी आधी रिकामी तोलतात, मग भरलेली. दोन्हींतला फरक म्हणजे माल. जगन नावाचा ट्रेलरवाला न्हावा शेव्याला जायच्या घाईत होता. रिकाम्या गाडीचं वजन परत कशाला करायचं, म्हणून त्याने गेल्या वर्षीची पावती पुढे केली. कमळाकरने ती खिडकीतून परत दिली.

"गाडी तीच हाय ना," जगन म्हणाला.

"तीच हाय. पण टायर नवीन टाकलेस, टाकीत डिझेल किती ते तुला ठाऊक, ताडपत्री भिजलेली. आजची गाडी आज तोलायची. मागे घे, काट्यावर चढव."

जगन पुटपुटत गेला. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "कमळाकर, तुझी ती चौतीस मिनिटं कुठल्या सालची पावती आहे रे?"

तो माझ्यावर भडकला. तुमचं काम झालं असेल तर निघा, असं सरळ सांगितलं. त्या दिवशी चहाही विचारला नाही, आणि असं आधी कधी झालं नव्हतं.

पुढचं मला सुमतीने सांगितलं. त्या रात्री जेवताना तो तिला म्हणाला, "मी हळू जाईन. चालेन, परत पळेन. पण तू मला धरू नको आणि माझ्यासाठी उभी राहू नको. पडलो तर फोन करीन."

"पडल्यावर फोन कसा कराल?" तिने विचारलं. मग दोघं हसली, आणि मग ती रडली. तुमी पडलात तेव्हा तुमी एकदाच पडलात, मी रोज पडत होते, असं म्हणाली. पण बूट तिनेच खाली काढले.

त्यानंतर कमळाकरने शून्यापासून सुरुवात केली. दोन मिनिटं पळायचं, एक मिनिट चालायचं. आधी शाळेच्या फाटकापर्यंत, महिन्याने पुढच्या चौकापर्यंत. पावसाळ्यात थोडा मागे आला, गणपतीनंतर पुन्हा पुढे सरकला. घड्याळ घरी ठेवू लागला. पोट फारसं उतरलं नाही, पण चेहरा उतरलेला होता तो वर आला. काट्यावर मला चहा परत सुरू झाला. सुमती आपल्या वेगाने पुढे जायची, पण कुठल्या ना कुठल्या कोपऱ्यावर तिचा पाय अडायचा आणि ती उभी राहायचीच. तो चिडायचा, ती उद्या नाही थांबणार म्हणायची.

डिसेंबरातला एक रविवार. मी तळ्याच्या अलीकडे नाल्यावरच्या मोरीच्या कठड्यावर टेकलो होतो. मी चालायला जातो, पण जास्त करून टेकतो. सुमती तळ्याला वळसा घालून परत येत होती. कमळाकर मला ओलांडून तळ्याकडे निघाला होता. हळू, घामाघूम, पण पळत. दोघं माझ्या डोळ्यांदेखत एकमेकांसमोर आली. आता ही थांबणार, असं मला वाटलं. तिने नुसता हात वर केला, रोज भेटणाऱ्या माणसाला करावा तसा, आणि वेग न मोडता पुढे निघाली. त्यानेही हात वर केला.

ती माझ्याजवळ आली तेव्हा तिचे गाल ओले होते. पाय चालूच होते.

"भाऊ, तुमीच बघा. टाच नीट पडतेय का त्यांची? मी वळणार नाय."

मी बघितलं. तो तळ्याच्या वळणाशी पोचला होता.

"पडतेय," मी म्हणालो. "दोन्ही नीट पडतायत."

तिने मान हलवली आणि ती घराच्या दिशेने पळत गेली.

थोड्या वेळाने कमळाकर तळ्याकडून आला. मी त्याला इतकं खूश कधीच पाहिलं नव्हतं, मुलगी बारावी झाली तेव्हासुद्धा नाही. माझ्यासमोरून जाता जाता तो म्हणाला, "बघितलंत भाऊ? थांबली नाय ती. वळून बी बघितलं नाय."

"बघितलं," मी म्हणालो. तिने मला काय विचारलं होतं, ते मी त्याला सांगितलं नाही.