लवू घाडी कुणाकुणाला काय विचारत होते

लवू घाडी पहिल्यांदा आमच्या वाचनालयात आले तेव्हा मला ते पोलिसांकडचे वाटले. ब्याऐंशी साल होतं. गिरण्यांचा संप सुरू होऊन चार महिने झाले होते आणि लालबागच्या एका चाळीतल्या तळमजल्यावरच्या आमच्या दोन खोल्यांत सकाळपासून माणसं येऊन बसत. मी फणसवाडीहून बसने यायची. वय चोवीस, ग्रंथपालाचा कोर्स नुकताच केलेला, आणि घरून रोज एकच सूचना: मृणालिनी, तिथे कुणाशी जास्त बोलू नकोस, वातावरण बरं नाही.

वातावरण खरंच बरं नव्हतं. गुपचूप कामावर कोण जातो, मालकांना नावं कोण पुरवतो, पोलिसांना कोण, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यामुळे सगळ्यांचाच सगळ्यांवर डोळा. वर्तमानपत्राचं पान उलटतानासुद्धा माणसं आधी कोपऱ्यात कोण बसलंय ते पाहून घेत.

घाडी चाळिशीचे, किडकिडीत, मालवणकडचे. जवळच्याच गिरणीत मागावर वीस वर्षं कापड विणलेलं. ते वर्तमानपत्राला हात लावत नसत. सरळ मागच्या कपाटाकडे जात. तिथे कुणी फिरकत नसे. मधमाशा, विहिरींचे झरे, टपालखात्याचा इतिहास, सापाचं विष, दीपस्तंभ, असली पुस्तकं. घाडी पुस्तक काढत आणि आधी शेवटचं पान उघडत. तिथे आम्ही देवघेवीचा कागद चिकटवलेला असे, त्यावर नेणाऱ्याचा सभासद क्रमांक आणि तारीख. ते क्रमांक घाडी एका लांबट वहीत उतरवून घेत.

तिसऱ्या दिवशी ते माझ्या टेबलाशी आले.

“बाई, दोनशे चौदा नंबर कोणाचो?”

“कशाला हवाय?”

“तेंका भेटूचां आसा.”

“सभासदांची नावं आम्ही बाहेर देत नाही.”

ते रागावले नाहीत. मान हलवून निघून गेले. पण आठवड्याभरात दोनशे चौदा क्रमांकाच्या कौसल्याबाईच माझ्याकडे आल्या. त्या चाळीतच राहत, बालवाडीत शिकवत.

“तो घाडी कोण हो? चाळभर विचारत फिरला, मधमाशांचं पुस्तक कुणी नेलं होतं म्हणून. काल माझ्या दारात आला. कसं वाटलं, कुठलं प्रकरण कंटाळवाणं, शेवटी राणीमाशीचं काय होतं. परीक्षाच घेतली माझी! आणि सगळं लिहून घेतलं, खोली नंबरासकट.”

दुसऱ्या दिवशी मी घाडींना सरळच विचारलं. त्यांनी खुर्ची ओढून घेतली.

“कादंबऱ्यांका रांग लागली हा, बाई. आता सगळ्यांकडेच वेळ. माझ्या वाट्याक मागचां कपाट. त्यातलां बरां खयचां नि वायट खयचां, कसां कळतलां? प्रस्तावनेत सगळेच बरां म्हणतत. प्रस्तावना लिवणारो लेखकाचोच दोस्त आसता. म्हणान जेणा वाचल्यान, तेकाच इचारूक व्हयां.”

“आणि शेवटी काय होतं ते कशाला विचारता?”

“लोक न वाचताच बरां म्हणतत. मी तीन जणांका इचारतंय. तिघांचां जुळलां, तर मगे पुस्तक घेतंय.”

उत्तर पटण्यासारखं होतं. म्हणूनच मला ते पाठ केल्यासारखं वाटलं. सातवी शिकलेला माणूस, घरात चूल पेटायची पंचाईत, आणि हा मधमाशांच्या पुस्तकासाठी तीन साक्षीदार शोधतो? मी त्यांच्यावर लक्ष ठेवू लागले. कुणाशी बोलतात, किती वेळ बोलतात. पाहिलं ते असं, की ते कुणालाही गाठत. भाजी निवडणाऱ्या बायांना, पत्ते खेळणाऱ्यांना, नळावर उभ्या असलेल्यांना. “तुम्ही विहिरीचां पुस्तक वाचलात? खरां सांगा.” मग वही निघे.

त्र्याऐंशीच्या मार्चमध्ये एका पहाटे पोलिसांनी संप चालवणाऱ्या गल्ली कमिटीच्या पाच जणांना घरातून उचललं. पोलीस चुकीच्या एकाही दारावर थांबले नव्हते. म्हणजे खोली नंबर कुणीतरी दिलेले होते.

गल्ली कमिटीचा भिवा त्या सकाळी वाचनालयात आला. तो साताऱ्याकडचा, घाडींच्याच गिरणीतला, आवाज मोठा, पण माणूस वाईट नव्हता. पाचांत त्याचा धाकटा भाऊ होता.

“बाई, तुमच्याकडे सगळे येतात. कोण काय लिहून घेताना दिसलं का?”

मी पुढ्यातलं रजिस्टर मिटलं. मग म्हणाले, “घाडींकडे एक वही आहे. त्यात नावं असतात. आणि खोली नंबर.”

आजही मला हे वाक्य जसंच्या तसं आठवतं. कुणी माझ्यावर जोर केला नव्हता. मला खात्रीही नव्हती. पण संशय इतके महिने मनात बाळगून जड झाला होता, आणि तो दुसऱ्याच्या हातात दिल्यावर मला चक्क बरं वाटलं.

दुपारी चारला घाडी नेहमीप्रमाणे आले. भिवा आणि आणखी चौघे दाराशी थांबलेच होते. भिवानं त्यांच्या काखेतली वही ओढून घेतली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचू लागला.

“‘कौसल्या, खोली एकतीस, मंगळवार. पहिली पन्नास पानं सोडावी. पुढे चांगलं.’ पन्नास पानं म्हणजे काय रे, लवू? पन्नास माणसं?”

“पन्नास पानां,” घाडी म्हणाले.

“‘रघू, खोली आठ, शुक्रवार. विहिरींचं. लेखकाने स्वतः एकही विहीर खणलेली दिसत नाही.’ हे काय? कुणाला कळवायचं होतं हे?”

“कोणाक नाय.”

“‘तुळसा. सापाचं विष. चित्रं बघून जेवण गेलं नाही, तरी शेवटपर्यंत वाचलं.’ ही कोण?”

“माझी बायल.”

कुणीतरी हसलं. भिवा हसला नाही. त्याने एकाला पाठवून कौसल्याबाईंना बोलावून घेतलं. त्या हात पुसतच आल्या.

“पन्नास पानं सोड, असं तुम्ही ह्याला सांगितलंत?”

“सांगितलं. नुसते आभार नि लेखकाच्या घराण्याची हकिकत आहे त्यात. तू वाच आणि सांग मला, खोटं असेल तर.”

रघूही तिथेच होता. विहिरींच्या पुस्तकाबद्दलचं मत आपलंच, असं त्यानेही कबूल केलं. बसलेल्या माणसांचे खांदे जरा सैल पडले. भिवा वही मिटणारच होता, तेवढ्यात त्याचं बोट मध्येच अडलं. एक पान फाडलेलं होतं. शिवणीत कागदाची बारीक कड उरली होती.

“हे पान कुठाय?”

“फाडलंय.”

“त्यावर कुणाचं नाव होतं?”

घाडींनी वही परत घ्यायला हात पुढे केला.

“लवू, माझा भाऊ आत आहे. त्या पानावर काय होतं?”

“तुझ्या भावाचां काय नव्हतां. बाकी तां मी सांगूचंय नाय.”

भिवानं त्यांच्या कानफटात मारली. त्यांचा चष्मा उडून टेबलाखाली गेला. खोलीत वीसेक माणसं होती, कुणी हललं नाही. माझ्या पुढ्यात शिक्क्याचं पॅड उघडं होतं. मी त्याचं झाकण लावलं. मी केलं ते एवढंच.

त्यानंतर कमिटीकडून घाडींच्या घरी येणारं धान्य थांबलं. नळावर तुळसाशी कुणी बोलेना. ती घरगुती खानावळ चालवत असे, तिथून डबे नेणारी गिऱ्हाइकं एकेक करून सुटली. गावाहून तांदूळ आले म्हणून निभावलं. पण घाडींचं वाचनालयात येणं बंद झालं नाही. फक्त आता त्यांना विचारायला माणूस उरला नव्हता. ते दारात दिसले की लोक आधीच म्हणत, “आम्ही काही वाचलेलं नाही.”

तेव्हा ते मागचं कपाट स्वतःच वाचू लागले, पहिल्या खणापासून, कुणालाही न विचारता. आणि परत केलेल्या पुस्तकांत मला चिठ्ठ्या सापडू लागल्या. नाव नसलेल्या, पेन्सिलीनं लिहिलेल्या. टपालाच्या पुस्तकात: ‘हरकाऱ्यांचं प्रकरण आधी वाचा. बाकीचं नंतर, नाही वाचलं तरी चालेल.’ दीपस्तंभांच्या पुस्तकात: ‘एकट्या राहणाऱ्या माणसानं लिहिलंय. एकट्यानं वाचू नये.’

पहिली चिठ्ठी मी उजेडाकडे धरून पाहिली, आणखी काही लिहिलंय का म्हणून. दुसरीही. तिसरीपर्यंत मला माझीच लाज वाटली. चिठ्ठ्या मी पुस्तकांत तशाच राहू दिल्या. वर्षभरात दीपस्तंभांचं पुस्तक अकरा जणांनी नेलं. त्याआधीच्या नऊ वर्षांत ते दोघांनी नेलं होतं. अक्षर कुणाचं ते सगळे ओळखत होते, पण कुणी तसं बोलून दाखवत नव्हतं. काही जण चिठ्ठीच्या खाली स्वतःचं लिहीत. एकानं लिहिलं होतं: ‘एकट्यानं वाचलं. तुम्ही सांगितलं ते बरोबर.’

संप संपला असं कधी कुणी जाहीर केलं नाही. तो विरत गेला. भिवाचा भाऊ महिन्याभराने सुटला होता. त्या पाच जणांची नावं कुणी दिली ते कधीच कळलं नाही. घाडींना गिरणीने परत घेतलं नाही, भिवालाही नाही. भिवा भायखळ्याच्या बाजारात भाजीच्या पाट्या उतरवू लागला.

पंच्याऐंशीत एका सकाळी अप्पा म्हणून एक म्हातारे सभासद पुस्तक परत करायला आले. ते घाडींच्या शेजारच्या खोलीतले. दुसरं कुणी आलेलं नव्हतं. त्यांनी पुस्तक ठेवलं, पण जाईनात.

“ते पान माझं होतं, बाई.”

“कुठलं पान?”

“वहीतलं. लवूनं मला विचारलं, दीपस्तंभाचं पुस्तक कसं वाटलं. मी बोलून गेलो, डब्याच्या सुट्टीत दोन-दोन पानं करून वाचलं, पंधरा दिवस लागले. त्यानं तसंच लिहून घेतलं. मग पेन्सिल थांबली त्याची. संपात डब्याची सुट्टी कसली?” अप्पा खाली बघत राहिले. “मी लपून गिरणीत कामावर जात होतो. पोरीचं बाळंतपण होतं. त्यानं माझ्यासमोर पान फाडलं नि खिशात घातलं. एक शब्द बोलला नाही. त्या दिवशी त्याला मारलं तेव्हा मी इथेच होतो, त्या खिडकीपाशी.”

मीही इथेच होते.

त्या संध्याकाळी घाडी आले तेव्हा मी त्यांना सांगितलं. अप्पांचं नाही. माझं. भिवाला वहीबद्दल मी सांगितलं होतं, ते.

“माका ठाऊक होतां,” ते म्हणाले. “खोली नंबर लिवताना एकट्या कौसल्येन बघल्यान, नि तिणा तां तुमकाच सांगल्यान. भिवाक कौसल्या सांगूची नाय.”

“मग इतकी वर्षं तुम्ही माझ्याशी नेहमीसारखेच...”

“पुस्तकां तुमच्याकडेच आसत ना.” ते पुस्तक उचलून दारापर्यंत गेले, मग वळले. “पण तुमचो डोळो पयल्यापास्ना माझ्यार होतो, म्हणानच तुमका कधी इचारलंय नाय, खयचां बरां नि खयचां वायट.”

खरंच होतं ते. चाळीतल्या भाजी निवडणाऱ्या बाईचं मत त्यांनी घेतलं होतं. ग्रंथपालाचं कधीच नाही. आणि तो दिवस येईपर्यंत हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

भिवानंही एकदा येऊन विचारलं, “त्या पानावर काय होतं, तुम्हाला कळलं का हो कधी?” मी नाही म्हणाले. त्याचा विश्वास बसला नाही. बसू नये असंच मी बोलले असेन.

अठ्ठ्याऐंशीत घाडींना प्रभादेवीच्या एका उंच इमारतीत लिफ्टमनची नोकरी लागली. तिथे बँकांतले, कचेऱ्यांतले लोक राहत. सहा महिन्यांनी सोसायटीच्या सेक्रेटरींचा वाचनालयात फोन आला.

“आमच्याकडे घाडी म्हणून लिफ्टमन आहेत, तुमच्या वाचनालयाचं नाव सांगतात. रहिवाशांची तक्रार आहे. लिफ्टमध्ये प्रश्न विचारतात आणि फ्लॅट नंबर टाकून वहीत काहीतरी लिहितात. चोऱ्यांचे दिवस आहेत. तुम्ही ह्या माणसाला ओळखता का?”

“फोनवर नको,” मी म्हटलं. “मी येते.”

वाचनालय कौसल्याबाईंवर सोपवून मी गेले. सेक्रेटरी सभ्य गृहस्थ होते, चहा मागवला त्यांनी. पण त्यांच्या डोळ्यांत जे होतं ते मी ओळखत होते. मी सगळं सांगितलं. वही, भिवा, कानफटात मारलेली, आणि त्या वहीबद्दल सांगणारी मी. फाडलेल्या पानाबद्दल एवढंच म्हटलं, की ह्या माणसाकडून कुणाचं नुकसान होत नाही ह्याचा पुरावा त्याच पानावर होता, आणि म्हणूनच ते दाखवता येत नाही. घाडी कोपऱ्यात टोपी हातात धरून उभे होते. माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

सेक्रेटरींनी बराच विचार केला. पूर्ण पटलं नसावं.

“ठीक आहे. विचारायचं तर विचारू दे. लिहायचं मात्र नाही.”

म्हणून मग घाडी मजल्यामजल्यांवरची मतं डोक्यात साठवू लागले आणि घरी गेल्यावर तुळसा ती उतरवून घेई. पुढे दर शनिवारी ती यादी माझ्याकडे आणून देऊ लागली. त्यावरून आम्ही पुस्तकं मागवायचो. शेवाळांवरचं आलं, जुन्या कुलपांवरचं आलं, उंटांच्या आजारांवरचं आलं. ही पुस्तकं आहेत हेच मला ठाऊक नव्हतं. यादीत तुळसाचा स्वतःचा शेराही असे, आणि तो नवऱ्याच्यापेक्षा कडक असे.

एका शनिवारी तुळसा यादी टेबलावर ठेवून बाजूच्या बाकावर बसली. मी शेवटची ओळ वाचली: ‘सहावा मजला, कुलपांचं पुस्तक. फार सुंदर आहे म्हणाले. ह्यांना वाटतं, साहेबांनी वाचलेलंच नाही. मलाही.’