पारदर्शक कोंबडा

रविवार, ९ नोव्हेंबर २०२५. हंगामाचा सण. उपासनेनंतर वाहिलेल्या वस्तूंचा लिलाव कोंबड्यावाचून अडला. बानूबाईकडून चर्चची किल्ली काढून घेतली. दुपारी परत दिली.

हे सगळं गिदोनमुळे घडलं. आमची वस्ती मांडवगण फराट्याच्या अलीकडची. गिदोन रांजणगावला कॅमेऱ्याचे सुटे भाग तपासतो आणि कंपनीच्या बसमधून उतरला की भेटेल त्याला पिक्सेल शिकवतो. मी त्याची शाळेतली बाई, मला तर त्याने मयतीच्या जेवणावर शिकवला.

"बाई, पिक्सेल म्हंजी कॅमेऱ्यातला उजेडाचा बारका हौद. रिसेटचा इशारा आला की जुनं सगळं उपसायचं. मग उजेड भरू द्यायचा. दुसऱ्या इशाऱ्याला फाटक उघडतं आन् भरलेलं मापात उतरतं. तिसरा इशारा रांगेरांगेनं माप वाचून घेतो. पण फाटकाला व्होल्टेज कमी पडलं तर ते अर्धंच उघडतं. जुनं पाणी मागं ऱ्हातं, नव्यात मिसळतं."

शिकवणं चोख, हात आखडता. चर्चचे कॅमेरे त्यानेच बसवले, घरात उरलेल्या बारीक वायरने. सणासाठी अंगणातल्या क्रूसावर दिव्यांची पट्टी लावली, तीही कॅमेऱ्यांच्याच अ‍ॅडॅप्टरवर. दुसरा कशाला, आहे तो पुरतो.

शनिवारी लोकांनी सणाला वाहायला भोपळे, ज्वारी, ऊस आणून ठेवला. गिदोनने कोंबडा आणून मागच्या खोलीत खिडकीशी बांधला. रविवारी कोंबडा गायब. गिदोनने मोबाइलवर आदल्या संध्याकाळचं थांबवलेलं चित्र सगळ्यांना दाखवलं: बानूबाई टोपली घेऊन निघाली आहे आणि टोपलीत कोंबडा.

बानूबाई चर्चची झाडलोट करते. नवऱ्यामागे तिची चूल त्यावरच पेटते. चर्चच्या पंचांचे प्रमुख जेम्सभाऊ यांनी हात पुढे केला. तिने किल्ली ठेवली.

"म्या पालापाचोळा नेला, जेम्सभाऊ."

"कॅमेरा खोटं बोलत न्हाई," गिदोन म्हणाला. त्याच दुपारी पंचांची निवड होती आणि तो उभा होता.

मी चष्मा पुसून चित्र पाहिलं. कोंबड्यातून टोपलीची वीण दिसत होती.

"गिदोन, तुझा कोंबडा काचेचा होता का?"

"उजेड कमी हाय, बाई."

"खिडकीबाहेर क्रूस तर लख्ख पेटलाय. त्याला वीज कुठून दिलीस?"

"कॅमेऱ्याच्याच..."

"मग फाटकाला काय उरलं? तो हौदाचा धडा म्हण बघू पुन्हा."

त्याने म्हटला, 'जुनं पाणी मागं ऱ्हातं'पर्यंत. कोंबडा खिडकीकडे उडाला, पाठोपाठ तिथून टोपली गेली आणि कॅमेऱ्याने दोघांची खिचडी केली, हे मागच्या बाकापर्यंत कळलं. त्यालाही कळलं. पण उमेदवार तो.

"शक्यता हाय," तो म्हणाला. "तपासाय लागंल. कमिटी नेमू."

"नेम," बानूबाई म्हणाली. "तवर घरी जाऊन खुराडं बघ."

तेवढ्यात त्याची बायको स्वीटी, स्वयंपाक आटोपून उशिरा आलेली, दारात उभी राहिली. काखेत कोंबडा.

"अहो, हा कालच घरी आलाय. मला वाटलं, वाहायचा बेत तुम्हीच बदलला. तुमचं काय सांगावं."

कोंबड्याच्या पायात तीच उरलेली बारीक वायर तुटून लोंबत होती.

जेम्सभाऊंनी किल्ली पुढे केली. बानूबाईने हात मागे घेतले. "ह्यानं द्यावी."

गिदोनने किल्ली घेतली. "बानूमावशी, त्याचं असं हाय, फाटकाला व्होल्टेज..."

"व्होल्टेज ऱ्हाऊ दे. चुकलो म्हण."

"चुकलो."

"मागं ऐकू आलं न्हाई," मागच्या बाकावरून कोणी म्हणालं. त्याला पुन्हा म्हणावं लागलं. मग तिने किल्ली कमरेला खोचली आणि लिलावासाठी भोपळे मांडायला गेली.

पंचांच्या निवडीत गिदोनला स्वतःचं आणि स्वीटीचं अशी दोन मतं तरी पडायला हवी होती. एकच पडलं.

संध्याकाळी वहीत लिहिलं: लिलावात कोंबडा मी घेतला. बानूबाईने साफ करून दिला. रस्सा केला, निम्मा तिच्याकडे पाठवला. मीठ जरा जास्त झालं.